आधी चहा, मग मग

घरी आलेल्या माणसाकडून पैसे कसे घ्यायचे, हे कुंभारकामाच्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. माती कशी मळायची, ती चाकावर मधोमध कशी बसवायची, मगाचा कान कसा ओढायचा, भट्टी किती तापवायची, हे सगळं असतं. बर्नार्ड लीच या इंग्रज कुंभारानं 1940 साली ‘अ पॉटर्स बुक’ लिहिलं आणि स्टुडिओ पॉटरांच्या कितीतरी पिढ्या त्यावर वाढल्या. लाकडाच्या राखेपासून ग्लेझ कसं करायचं ते त्यात आहे. पण दारात मावशी उभी आहे, तिच्या हातात साडेआठशे रुपयांचा बाऊल आहे आणि ती ‘केवढ्याला गं हा?’ असं विचारते आहे, अशा वेळी चेहरा कसा ठेवायचा, याबद्दल लीचसाहेब गप्प आहेत. त्यांच्या मावश्या त्यांच्या सेंट आइव्हजच्या भट्टीपासून लांब राहत असाव्यात.

मी पुण्यात, घराच्या गॅरेजमध्ये भांडी करते. त्यामुळे आमची गाडी बारा महिने रस्त्यावर असते आणि चाक मात्र सावलीत. दिवाळीच्या थोडं आधी एका शनिवार-रविवारी गॅरेजचं दार सताड उघडायचं, फळ्यांवर भांडी मांडायची आणि ओळखीच्यांना, त्यांच्या ओळखीच्यांना बोलवायचं, असा माझा शिरस्ता आहे. गॅलरीत ठेवलं तर किमतीतला मोठा लचका गॅलरीला जातो. कुरियरनं पाठवलं तर भांडं पोचतं, पण कधीकधी दोन भागांत. त्यापेक्षा माणसांनीच यावं, हातात घेऊन बघावं, हे सरळ. अडचण एवढीच, की आपल्याकडे उंबरा ओलांडून आला तो पाहुणा आणि पाकीट उघडलं तो गिऱ्हाईक. या दोन दिवसांत दोघं एकाच चपलेत येतात. पाहुण्याचा गिऱ्हाईक नेमका कुठल्या क्षणी होतो, हे त्याला कळत नाही आणि मलाही.

गावच्या कुंभाराला हा प्रश्न नव्हता. तो बारा बलुतेदारांतला एक. गाडगी, मडकी, रांजण, संक्रांतीची सुगडं, नवरात्रातला घट, शेवटच्या प्रवासातलं मडकंसुद्धा तोच द्यायचा आणि सुगीत खळ्यावरून आपलं बलुतं घेऊन जायचा. भांड्याच्या बुडाला किमतीची चिठ्ठी नाही. त्या व्यवस्थेचे गोडवे गायचा माझा विचार नाही. बलुतं किती द्यायचं हे शेवटी देणाऱ्याच्या मनावर असायचं आणि पाऊस रुसला की कुंभाराच्या घरातलं मडकंही रिकामं. पण एक सुख त्याला नक्की होतं. ‘दोन घेतले तर फायनल किती?’ असं त्याला कोणी विचारत नव्हतं.

मला विचारतात. पहिल्या तासातच कोणीतरी मग उचलतं, बुडाची चिठ्ठी वाचतं, मग पुन्हा हलकेच ठेवतं आणि म्हणतं, ‘छान आहे हो. पण कुंभारवाड्यात असं पन्नासला मिळतं.’ यावर माझं एक तयार भाषण आहे. चाकावरून उतरलेला मग भट्टीतून बाहेर येईपर्यंत साधारण एक अष्टमांशानं आकसतो, म्हणून तो आधीच मोठा करावा लागतो. तो दोनदा भाजतात, एकदा हजार अंशांच्या आसपास आणि ग्लेझ लावून पुन्हा बाराशेच्या वर. 573 अंशांच्या टप्प्यावर मातीतलं क्वार्ट्‌झ अंग बदलतं, तेव्हा घाई केली तर तडा जातो. म्हणून भट्टी विझवल्यावरही ती निवेपर्यंत झाकण उघडायचं नाही, कितीही जीव वरखाली झाला तरी. 573 च्या आसपास समोरच्या माणसाची नजर खिडकीबाहेरच्या पेरूवर गेलेली असते. भाषणानं आजवर माझा एकही मग विकला गेलेला नाही.

शिवाय कुंभारवाड्याची तुलना करणाऱ्याचं निम्मं खरंच असतं. ‘ह्यात पाणी गार होतं का?’ या प्रश्नाला माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. माठ कमी आचेवर भाजलेला असतो, त्याच्या अंगातून पाणी पाझरतं, बाहेर येऊन वाफ होतं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. माझं स्टोनवेअर बाराशे अंशांवर भाजून घट्ट मिटलेलं. त्यातून काही पाझरत नाही, त्यामुळे गारही होत नाही. दही लागतं, पण मातीच्या बोळक्यात पाणी शोषलं जाऊन जसं घट्ट लागतं तसं नाही. अशा माणसाला मी कसब्याजवळच्या कुंभारवाड्याचा पत्ता देते, रिक्षा कुठे सोडायची तेही सांगते. बाकी पाहुणे हे ऐकत असतात. जी बाई आपणहून गिऱ्हाईक दुसरीकडे पाठवते ती बाकीचं खोटं बोलत नसणार, असा त्यांचा समज होतो आणि माठ घ्यायला निघालेला माणूसही जाताजाता दोन वाट्या घेऊन जातो. हे मी ठरवून करत नाही. पण थांबवतही नाही.

सेलच्या आधी स्टुडिओ आवरावा का, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. सासूबाईंच्या मते पाहुणे येणार म्हटल्यावर जळमटं काढलीच पाहिजेत. फरशी मी ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसतेच, कारण सुक्या मातीची धूळ फुफ्फुसाला वाईट. पण खरकट्या मातीची बादली मी कोपऱ्यातून हलवत नाही. बिघडलेली, चाकावर मान टाकलेली, पाय फुटलेली कच्ची भांडी पुन्हा भिजवायला तीत पडलेली असतात. शेजारी भट्टीत वाया गेलेल्यांचा ढीग. कुणाला बुडाला नागमोडी तडा, कुणाचं ग्लेझ आक्रसून मधे टक्कल पडलेलं, एकाचं झाकण त्याच्याच तोंडाला कायमचं चिकटलेलं. लोक सगळ्यात जास्त वेळ इथे उभे राहतात. मांडलेल्या भांड्यांपुढून ‘वा, वा’ करत पुढे सरकणारी माणसं या ढिगापुढे थांबतात आणि आवाज खाली आणून विचारतात, ‘हे सगळं… फुकट गेलं?’ मी मान हलवते. त्यानंतर तो माणूस घासाघीस करत नाही. भाषणाला जे जमलं नाही, ते बादलीनं करून दाखवलं.

कमी किमतीच्या भांड्यांचं टेबल सकाळीच रिकामं होतं, त्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. पुण्यात ‘थोडं डागी’ या शब्दांपुढे कुणाचा निभाव लागत नाही.

चहाचं मात्र सविस्तर सांगायला हवं. आलेल्याला चहा द्यायचा, तो अर्थातच आपल्या मगांतून. चांगल्यातले मग विकायला मांडलेले असतात, म्हणून चहाला ज्यांच्यात काही ना काही खोट आहे असे वापरते. एकाचा कान किंचित तिरका, एकावर ग्लेझचा ओघळ भलत्या जागी थांबलेला. मग दर वर्षी तेच घडतं. एखादे गृहस्थ चहा पितात, बोलत राहतात, चहा संपतो तरी मग हातातच असतो. अंगठा त्या तिरक्या कानात बसलेला असतो. बोलणं संपवून ते म्हणतात, ‘हा केवढ्याचा?’ मी सांगते, ‘अहो, तो चहाचा आहे. विकायचे तिकडे आहेत.’ ते तिकडे जातात. निर्दोष, तोलदार, सुरेख मग एकेक उचलतात आणि खाली ठेवतात. परत येऊन म्हणतात, ‘नाही, हाच हवा.’ डोळ्यांनी निवडलेलं भांडं कपाटात जातं, हातानं निवडलेलं रोज विसळलं जातं, असं माझं मत झालं आहे. त्यामुळे हल्ली चहाच्या मगांच्या बुडालाही मी पेन्सिलीनं किंमत लिहून ठेवते. पाहुणचार आहे की धंदा, असं मला नवऱ्यानं एकदा विचारलं. मी त्याच्या हातात ट्रे दिला.

आपल्या लोकांना सहाचा सेट लागतो. एक मग आवडला की पुढचं वाक्य ठरलेलं: ‘ह्याच्यासारखेच सहा आहेत का?’ आता ग्लेझच्या एकाच बादलीतले मगसुद्धा भट्टीतून भावंडं होऊन येतात, जुळे होऊन नाही. ग्लेझमध्ये लोह एक-दोन टक्के असेल आणि भट्टीत हवा कोंडून धुरकट ज्वाला ठेवली, तर फिकट समुद्री हिरवा येतो. लोह दहा टक्क्यांकडे नेलं की काळपट तपकिरी. त्यातही ज्वालेच्या वाटेवर कोण उभा होता आणि आडोशाला कोण, यावर छटा बदलते. एका जोडप्यानं असे सहा हिरवे मग ओळीनं लावले आणि मग कुणाला कुठला द्यायचा यावर त्यांचा वाद सुरू झाला. गडद तो बाबांचा. ज्याच्यावर ठिपका आहे तो मुलीचा, नाहीतर ती रडेल. पाहुण्यांना कुठला, यावर गाडी अडली. मी मधे पडले नाही. सारखे नसल्याची तक्रार घेऊन आलेली माणसं सारखे नसल्याच्याच जोरावर वाटणी करत होती. अशा वेळी कुंभारानं तोंड मिटून कागद फाडायला घ्यावेत.

नावाचा प्रश्नही आपल्याकडचाच. स्टीलच्या प्रत्येक पातेल्यावर कुणीतरी कुणालातरी कशाप्रीत्यर्थ दिल्याचं कोरलेलं असायचं, त्यामुळे भांडं हातात आलं की आपण नाव शोधतो. लोक मग उलटा करतात, बुडाची मोहर बघतात आणि विचारतात, ‘वास्तुशांतीला द्यायचेत, ह्यावर नाव घालून मिळेल का?’ शोजी हामादा हा जपानी कुंभार लीचबरोबर 1920 साली सेंट आइव्हजला गेला, तिथली भट्टी उभी करून तीनेक वर्षांनी मायदेशी परतला आणि पुढे माशिकोला त्यानं केलेल्या भांड्यांवर सही करणंच सोडून दिलं. भांडं स्वतःच सांगेल, असा त्याचा विश्वास. हामादाला वास्तुशांतीच्या ऑर्डरी येत नव्हत्या, हे त्याचं भाग्य. मला येतात आणि मी नावं घालून देते. (भांडं उलटं करून नाव न वाचता बुडाच्या कडेवरून बोट फिरवणारा कोणी दिसला, तर तो कुंभार आहे असं समजावं. त्याला चहा जरा बेतानंच द्यावा. तो काही घेणार नाही, फक्त ग्लेझची कृती विचारेल.)

पण सगळ्यात कडक परीक्षक म्हणजे पंच्याहत्तरीच्या पुढच्या बायका. चिनीमातीच्या बरण्या आयुष्यभर वापरलेल्या. त्या रंगाकडे बघतही नाहीत. बरणी उचलतात, डाव्या तळव्यावर तोलतात आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटानं टकटक करतात. खणखणीत वाजली तर पक्की, बद्द वाजली तर कुठेतरी तडा. तेरच्या गोरोबाकाकांनी मुक्ताबाईच्या सांगण्यावरून संतांच्या डोक्यांवर थापटणं मारून कोण पक्कं, कोण कच्चं ते पाहिलं आणि नामदेव कच्चे ठरले, ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. नामदेवांना तेव्हा काय वाटलं असेल, याची कल्पना मला या आजी बरण्या वाजवताना येते. त्यांतल्या एकीनं माझी सगळ्यात देखणी बरणी वाजवली, पसंत केली, झाकण काढून आत बोट फिरवलं आणि म्हणाली, ‘सगळं चांगलं आहे गं. पण हिला मान कुठाय? दादरा बांधायचा तर दोरा कशावर अडकवू?’ डिझाइनच्या कुठल्या शाळेत हे शिकवत असतील असं वाटत नाही. तेव्हापासून माझ्या बरण्यांना मान आहे.

लहान मुलांना मात्र लोक उगाच घाबरतात. आई दारातूनच ‘हाताची घडी!’ असा हुकूम सोडते. खरं तर मुलं भांडं दोन्ही हातांनी धरतात. फोडाफोडी होते ती मोठ्यांच्या खांद्यावरच्या पिशव्यांमुळे. एक माणूस पाठीवर लॅपटॉपची बॅग घेऊन अरुंद जागेत वळतो आणि मागची अख्खी फळी त्याच्याबरोबर वळते. मी दारात पिशव्यांसाठी वेगळी खुंटी केली आहे. मुलांना चाकावर बसवते. मातीत हात घातलेलं मूल अर्धा तास हलत नाही आणि तेवढा वेळ आईला फळ्यांपुढून हलता येत नाही. चाक फिरायला लागलं की पन्नाशीतला एखादा गृहस्थ बायकोकडे बघत ‘घोस्ट’ सिनेमाची आठवण काढतो. ते हसून साजरं करावं. बायकोनं ते माझ्या आधी बऱ्याच वेळा ऐकलेलं असतं.

मध्यभागी एक चहादाणी असते. चोच, झाकण, कान, आतली गाळणी, सगळं जुळवायचं म्हणजे कुंभाराची खरी कसोटी. प्रत्येक जण तिचं झाकण उचलून बघतो आणि परत ठेवतो. लग्नातल्या रुखवतासारखी ती सगळ्यांनी बघायची असते, घरी कुणी न्यायची नसते. तिची किंमत वाचून आलेल्या माणसाला शेजारचा मग स्वस्त वाटतो, एवढं काम ती दर वर्षी इमानानं करते.

आता गल्ल्याकडे वळू. गल्ल्यावर सासरे बसतात. अप्पांचं आयुष्य बँकेच्या कॅश काउंटरवर गेलं. त्यामुळे नोटा दोनदा मोजणं, सुट्ट्यांची चळत लावणं आणि समोरच्याला ‘पावती?’ असं भुवईनंच विचारणं यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. पण हल्ली सगळे फोन पुढे करतात आणि टेबलावरची ती बोलकी पेटी आलेले पैसे मोठ्यानं सांगते. अप्पांना हा शुद्ध असभ्यपणा वाटतो. बँकेत कुणाच्या खात्यात किती आले हे असं ओरडून सांगितलं असतं तर, वगैरे. पेटीचा खरा त्रास मला होतो. नात्यातली माणसं आली की मी हळूच काहीतरी कमी करते. सख्ख्या मावशीला वेगळं, मावसबहिणीला वेगळं, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना वेगळं, कारण ते रात्री-अपरात्री येतात. हे सगळं डोळ्यांच्या खुणांनी, अप्पांच्या कानात सांगून चाललेलं असतं. आणि ती पेटी आख्ख्या गॅरेजला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करते: सहाशे रुपये मिळाले. तोच बाऊल आठशे पन्नासला घेऊन मागे उभी असलेली बाई माझ्याकडे बघते. मावशी छताकडे बघते. अप्पा शांतपणे म्हणतात, ‘आधी थोडे रोख दिलेत त्यांनी.’ चाळीस वर्षं कॅशवर बसलेला माणूस खोटंसुद्धा ताळा जमवून बोलतो.

मावशीला फुकट का देत नाही, असं वाटेल. देत होते. पण फुकट दिलेला बाऊल मावशी शोकेसमध्ये ठेवते, ‘भाचीनं केलाय’ म्हणून दाखवते आणि त्यात कधीही काही वाढत नाही. पैसे देऊन नेलेल्या बाऊलमध्ये ती त्याच रात्री कोशिंबीर करते, कारण आता तो तिचा असतो. नात्याला किंमत लावू नये म्हणतात ते खरं असेल, पण बाऊलला लावावी.

भांडी गुंडाळायला रद्दी लागते, आणि ती आता मिळेनाशी झाली आहे, कारण पेपर फोनवर वाचतात. आमच्या शेजारच्या काकू अजून दोन पेपर घेतात. वर्षभराचे गठ्ठे त्या रद्दीवाल्याला न देता माझ्यासाठी ठेवतात. मोबदल्यात त्यांना एक भांडं घरी नेऊन वापरून बघायची मुभा असते. पसंत पडलं तर पैसे, नाहीतर भांडं परत. या वर्षी त्यांनी एक मोठा पसरट बाऊल नेला, पैसे आगाऊ देऊन. चार दिवसांनी परत घेऊन आल्या. ‘छान आहे, पण आमच्या मांडणीत बसत नाही.’ रास्त आहे. मी आकार बघून घेते तर बाऊल काठोकाठ भरलेला, वर रुमाल. रिकामं भांडं परत करू नये, म्हणून काकूंनी त्यात चकल्या घालून आणल्या होत्या. ताज्या, भाजणीच्या, चांगल्या किलोभर.

काकूंना त्यांचे पैसे परत केले. ते घ्यायला त्या तयार नव्हत्या, कारण बाऊल वापरला होता. मी चकल्या ठेवून घ्यायला तयार नव्हते, कारण त्यांची किंमत बाऊलपेक्षा जास्त होत होती. दारात दोघी एकमेकींना ‘असू द्या हो’ म्हणत राहिलो. आत अप्पा सेलची वही मिटवायला बसले होते, पेनाचं टोपण काढून. त्यांनी परत आलेला बाऊल शिल्लक मालात लिहिला, परत केलेली रक्कम वजा केली, एक चकली उचलून मोडली, चव घेतली आणि वहीवरची नजर न हलवता विचारलं, ‘आणि ह्या कुठल्या खात्यात?’